पोछा

शिट्टी वाजली, कुणी पडलं, की मी धावत आत जाते.
रुंद पोछा, लांब दांडा, हातात दहा सेकंद.
टीव्हीवर माझं तोंड कधी आलेलं नाही,
आलीच तर पाठ येते,
तीही जाहिरात सुरू होईपर्यंत.

झारासायच्या या हॉलमध्ये एकवीस हिवाळे झाले.
खेळाडूंना मी चेहऱ्यावरून ओळखत नाही,
चेहरे फार वर असतात.
जमिनीवर जे उरतं त्यावरून ओळखते.
कुणी नळासारखा थेंब थेंब गळतो,
कुणाचा नुसता तळहात उमटतो, पाचही बोटांसकट.
रिमगौदास पडला की अख्खा माणूस उमटायचा,
शिंप्यानं कापडावर खडूनं आखावा तसा:
खांदे, पाठ, डाव्या टाचेची लांब रेघ.

तेव्हा एकोणीसचा होता.
बापाच्या गोठ्यावर पिंपाची कडी ठोकून शिकलेला.
चेंडू कडीवर आपटला की गाई दचकायच्या,
दूध आखडायच्या, बाप पट्टा काढायचा.
म्हणून तो कडीला न शिवता टाकायला शिकला.
हे मला त्याच्या आईनं सांगितलं, रांगेत, बटाटे घेताना.
पेपरात मात्र छापून आलं: उपजत देणगी.

मग तो गेला. स्पेन. इझमिर.
कझाकस्तानातलं एक शहर, जिथं तीन महिने
पगाराऐवजी उद्याचा वायदा मिळायचा.
मधेच एकदा अमेरिकेनं बोलावलं:
अकरा सामने, सगळी मिळून चौतीस मिनिटं.
आमच्या बेकरीत अजून ती मिनिटं निघतात,
सुटे पैसे मोजावेत तशी, 
आणि दर वेळी एखादं जास्तच भरतं.

परत आला तेव्हा छत्तीसचा.
गुडघ्यात दोन स्क्रू, तीन भाषांतल्या शिव्या,
आणि एक मुलगी, जी फोनवर तुर्कीत बोलायची.
पहिल्याच सरावाला खाली वाकून म्हणाला,
"दान्गुओले, अजून इथंच?"
म्हटलं, तू पडायला आलास, मग पुसायला कुणी नको?

पण तो पडेचना.
म्हातारे होत आलेले खेळाडू असेच टिकतात,
पडायची जागा आधी दिसते त्यांना.
दीड वर्ष त्याच्या वाटची जमीन कोरडी होती.
लोक म्हणत, अनुभवी आहे.
मी पोछा पिळायची, पाणी स्वच्छच निघायचं,
आणि मला ते काही बरं वाटायचं नाही.

शेवटचा सामना फेब्रुवारीतला.
तळ्यावर बर्फाला भोकं पाडून बसलेले गळवाले
सुद्धा उठून आले होते, कोटाला माशाचा वास.
एकोणीस गुणांनी मागे. दोन मिनिटं उरलेली.
चेंडू रेषेबाहेर चाललाच होता, कुणाच्या कामाचा नव्हता.
त्यावर त्यानं अंग टाकलं.

हॉल क्षणभर गप्प.
मग दोघांनी धरून त्याला उठवलं, लंगडत नेलं,
आणि मी पोचले तेव्हा तो तिथंच होता:
खांदे, पाठ, टाचेची रेघ, थोडी आखूड.
दहातले किती सेकंद गेले कोण जाणे.
पंच माझ्याकडे बघत होता.
पुसलं. कुणाचा पाय घसरला असता.
फक्त सुरुवात टाचेकडून केली, 
डोक्यापर्यंत जायला तेवढाच वेळ लागतो.

आता टायरचं दुकान आहे त्याचं.
गुरुवारी येतो, बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला.
त्यांचे नेम चुकतात, रिंग खणखणते,
आणि तो उगाच हळू आवाजात म्हणतो,
"अरे, गाई आहेत."
पोरं हसतात. कुठल्या गाई?
गोठा विकून नऊ वर्षं झाली.

काल पुन्हा रिंग वाजली, जोरात.
दचकला तो, बाकी कुणीच नाही.